तुळिंज, सोपारें व वसई येथील प्रेक्षणीय स्थळें

अशोकाच्या चौदा शिलाशासनांपैकीं आठवें शासन यात्रेविषयीं आहे. पूर्वीचे राजे मृगयादि करमणुकीसाठीं बाहेर पडत, त्या विहारयात्रा. अभिषेकास दहा वर्षें झाल्यावर प्रियदर्शी राजा संबोधीस जाऊन आला आणि तेव्हांपासून त्यानें धर्मयात्रा सुरू केल्या, असा त्या शासनाचा आशय आहे. श्रमण-ब्राह्मणांचें दर्शन, वृद्धांची भेट, दान आणि खेड्यापाड्यांतील लोकांची विचारपूस हीं त्या यात्रेचीं कामें. या शासनाचा सुमारें तृतीयांश मजकुराचा एक तुकडा इ. स. १८८२ सालीं सोपाऱ्यास भातेला तळ्याजवळ मिळाला. घराबाहेर कशासाठीं पडावें व बाहेर पडल्यावर काय पाहावें, याविषयींच्या अत्यंत जुन्या लेखी वचनांपैकीं एक वचन ज्या गांवीं सांपडलें, त्याच गांवीं उतरणारा पाहुणा आज "येथें पाहण्यासारखें काय आहे?" असें विचारतो. प्रस्तुत लेखकास हा प्रश्न इतक्या वेळां ऐकावा लागला आहे, कीं त्याचें उत्तर एकदां सविस्तर लिहून ठेवणें बरें, असें वाटलें.

प्रथम भूमीचा परिचय. तुळिंज हें नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेचें गांव. स्थानकाचें नांव नाळें व सोपारें या पश्चिमेकडील दोन गांवांचीं नांवें जोडून झालें आहे. तुळिंजाच्या वांट्यास त्यांत एक अक्षरही आलें नाहीं. पूर्वेस तुंगारेश्वराची डोंगररांग, पश्चिमेस समुद्र, उत्तरेस वैतरणेचें मुख व दक्षिणेस वसईची खाडी, असा हा पट्टा. जुन्या काळीं आंतून एक खाडी फिरून दोन्ही मुखांस मिळे व त्यामुळें वसई हें बेटच समजलें जाई. त्या खाडीच्या आसऱ्यानें सोपाऱ्याचें बंदर झालें, आणि ती गाळानें भरतांच बंदर संपलें. आज तुळिंजाच्या पायथ्याशीं चाळी व मजल्यांच्या इमारती इतक्या दाटीनें उभ्या आहेत, कीं खाडी कोणत्या अंगास होती हें सांगूनही नवख्यास पटत नाहीं. इ. स. २००९ मध्यें वसई-विरार महानगरपालिका झाली, तींत हीं सर्व गांवें आलीं; १ ऑगस्ट २०१४ पासून जिल्हा ठाण्याऐवजीं पालघर झाला. जुने दस्तऐवज शोधणारांनीं हा फरक ध्यानांत ठेवावा. कागद ठाण्याच्या नांवावर असावयाचे.

सोपाऱ्याचें प्राचीनत्व सांगतांना पुष्कळदां नको तेवढा उत्साह दाखविला जातो. महाभारताच्या वनपर्वांत पांडव तीर्थयात्रा करीत शूर्पारकास येतात व पुढें प्रभासाकडे जातात. शांतिपर्वांत समुद्रानें जामदग्न्यासाठीं शूर्पारक देश निर्माण केल्याची कथा आहे. पेरिप्लस या ग्रीक प्रवासवृत्तांत व टॉलेमीच्या भूगोलांत हें बंदर येतें; दहाव्या शतकांतील अरब लेखक मसूदी त्यास सुबारा म्हणतो. इ. स. १३२१ मध्यें ठाण्यास मारल्या गेलेल्या चार ख्रिस्ती साधूंचें दफन जॉर्डेनस नांवाच्या त्यांच्या सोबत्यानें सोपाऱ्यासच केलें. हा सर्व भक्कम पुरावा आहे. परंतु सुप्पारक-जातक हें या गांवाची कथा म्हणून जें वारंवार दाखविलें जातें, तें बरोबर नव्हे. त्यांतील सुप्पारक हा भरुकच्छाचा एक आंधळा तांडेल आहे. नांवाच्या साम्यानें फसूं नये. बायबलांतील ओफीर म्हणजे सोपारेंच, या मताबद्दलही आमचा भरंवसा बेताचाच आहे.

प्रवाशाच्या दृष्टीनें मात्र सर्वांत गोड उल्लेख नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्याचा. नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात तेथें आपलीं दानें सांगतो. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शोर्पारग या चार ठिकाणीं त्यानें चौसोपी धर्मशाळा बांधल्या. डहाणूच्या नदीसह अनेक नद्यांवर फुकट होड्या ठेविल्या. शोर्पारगाच्या रामतीर्थ वगैरे ठिकाणच्या चरक-परिषदांस नानंगोल गांवीं बत्तीस हजार नारळीचीं झाडें दिलीं. म्हणजे सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वीं येथें येणाऱ्या पांथस्थाच्या उतरण्याची सोय होती. कार्ल्यास सोपाऱ्याच्या एका भिक्षूनें स्तंभ दिला आहे, नाणेघाटांत सोपाऱ्याच्या गोविंददासानें पाण्याची पोढी खोदविली आहे. या गांवचे लोक घाट चढून जात व जेथें जात तेथें आपल्या गांवाचें नांव कोरून ठेवीत.

आतां पाहण्याकडे वळूं. स्थानकाच्या पश्चिमेस कोसभराच्या आंतच बुरूड राजाचा कोट आहे. कोट म्हणजे येथें तट नव्हे. तो विटांचा स्तूप आहे. एप्रिल १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो उकलला. त्या वेळीं ठाण्याचे गॅझेटियर तयार करणारे कॅम्बेलसाहेब त्यांच्यासह होते. भगवानलाल हे जुनागडचे. गिरनारच्या पायथ्याचा अशोकाचा खडक हीच त्यांची बालपणची पाटी. भाऊ दाजींच्या हाताखालीं ते तयार झाले. स्तूपाच्या मध्यभागीं विटांच्या लहानशा कोठडींत त्यांस झांकण घातलेला एक वाटोळा दगडी करंडा मिळाला. त्याच्या मध्यभागीं तांब्याचा करंडा, त्यांत रुप्याचा, त्यांत दगडाचा, त्यांत स्फटिकाचा व सर्वांत आंत सोन्याचा. सोन्याच्या करंड्यांत काय असेल? मडक्याच्या तेरा खापऱ्या! भगवानलालांनीं त्या बुद्धाच्या भिक्षापात्राच्या मानिल्या. दिव्यावदानांत पूर्ण नांवाच्या सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याची कथा आहे. त्याच्या प्रयत्नानें येथें चंदनाचा प्रासाद उभा राहिला व स्वतः बुद्ध तेथें आला, असें ती सांगते. खापऱ्यांचा मान या श्रद्धेवरून उलगडतो. सोन्याचीं पुष्कळ फुलेंही या संचांत होतीं.

येथवरची हकीकत पुष्कळांस ठाऊक असते. आमच्या वाचकांनीं थांबावें तें पुढच्या दोन वस्तूंपाशीं. तांब्याच्या करंड्याभोंवतीं आठ धातुमूर्ति बसविलेल्या होत्या: विपश्यी, शिखी, विश्वभू, क्रकुच्छंद, कनकमुनि, काश्यप व शाक्यमुनि हे सात बुद्ध आणि आठवा भावी मैत्रेय. या मूर्ति घडणीवरून आठव्या-नवव्या शतकाच्या ठरतात. त्याच संचांत यज्ञ सातकर्णीचें राजमुखाचें रुप्याचें नाणें होतें, तें दुसऱ्या शतकाच्या अखेरीचें, आणि फारसें न झिजलेलें. एका करंड्यांत सहाशें वर्षांचें अंतर कसें? याचें सरळ उत्तर असें, कीं स्तूप मूळचा सातवाहनकालीन किंवा त्याहूनही जुना. पुढें कोणीतरी तो श्रद्धेनें उघडला, मूर्ति ठेविल्या व पुन्हां मिटला. म्हणजे बंदराची भरभराट ओसरण्याच्या आधीं कित्येक शतकें येथें भक्त सतत होते. हा निष्कर्ष काढतां येतो तो केवळ एवढ्यासाठीं, कीं कोणती वस्तु कशांत होती व कशाभोंवतीं होती हें भगवानलालांनीं उचलण्यापूर्वीं टिपून ठेविलें. त्याच वस्तु एखाद्या मजुरानें काढून सोनाराकडे व जुन्या बाजारांत वेगवेगळ्या विकल्या असत्या, तर आज एका संग्रहांत आठव्या शतकाच्या मूर्ति व दुसऱ्यांत दुसऱ्या शतकाचें नाणें असतें आणि सोपाऱ्याचा इतिहास दोहोंपैकीं कोणत्याही संग्रहांत नसता.

हा संच मुंबईस एशियाटिक सोसायटीच्या ताब्यांत आहे. म्हणून आमची सूचना अशी, कीं यात्रा उलट्या क्रमानें करावी: आधीं मुंबईंत हे करंडे पाहण्याची परवानगी मिळते का तें पाहावें, छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत शिलाशासनाचे तुकडे पाहावे, आणि मग गाडी धरून इकडे यावें. प्रथम इकडे येणारास विटांचा ढिगारा, कुंपण व पुरातत्त्व खात्याची पाटी यांखेरीज कांहीं दिसत नाहीं व तो रुसून परत जातो.

बुरूड राजा कोण, असा प्रश्न शाळेच्या सहलींत एका मुलानें आम्हांस विचारिला होता. स्थानिक लोक त्यास जातीनें बुरूड असलेला साधा राजा म्हणतात. आम्हांस एक वेडी कल्पना सुचते. संस्कृत शूर्प म्हणजे आपलें सूप, आणि सूप विणणें हें बुरुडाचें काम. शूर्पारकाच्या नांवांतील सूप लोकांच्या ध्यानांत राहिलें असेल आणि सुपावरून बुरूड आला असेल. यास आधार कांहीं नाहीं; मुलास त्या दिवशीं "शोधून सांगेन" एवढेंच म्हटलें होतें.

शिलाशासनांविषयीं थोडें अधिक लिहिलें पाहिजे. आठव्या शासनाचा काळ्या दगडाचा तुकडा भातेला तळ्याजवळ मिळाला हें वर सांगितलें. त्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनीं, इ. स. १९५६ सालीं, एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल ना. आ. गोरे यांस नवव्या शासनाचा तुकडा भुईगांवीं मिळाला. नवव्या शासनांत आजारपण, लग्न, बाळंतपण व प्रवास या प्रसंगीं लोक, विशेषतः स्त्रिया, जीं नाना मंगलें करितात त्यांची चर्चा आहे. महाराष्ट्रांत चौदा शासनांच्या मालिकेचे अवशेष मिळाले ते या एकाच परिसरांत. परंतु भातेला व भुईगांव हीं ठिकाणें एकमेकांपासून दूर आहेत. गिरनारीं अखंड खडकावर सर्व शासनें आहेत. येथें तीं निरनिराळ्या शिळांवर कोरलेलीं असावींत, आणि तयार दगड म्हणून त्या शिळा कोणीतरी वाहून नेल्या असाव्यात. मूळ जागा कोणती? ती नगराच्या वेशींत होती, बंदरावर होती, कीं स्तूपापाशीं? हें आतां दगड सांगूं शकत नाहीं. उरलेल्या बारा शासनांच्या शिळा एखाद्या विहिरीच्या कांठीं, जोत्यांत किंवा पायरीखालीं उलट्या बसविलेल्या असण्याचा संभव आहे, आणि रोज जुनें घर पाडून नवा पाया खणला जात असतां हा संभव रोज थोडथोडा कमी होत आहे.

सोपाऱ्यांतच चक्रेश्वराचें देऊळ व तळें आहे. देऊळ साधेंच आहे. पाहावयाच्या त्या त्याच्या आवारांतील सुट्या मूर्ति. त्यांत ब्रह्मदेवाची उभी मोठी मूर्ति आहे. ब्रह्मदेवाच्या पूजेच्या मूर्ति आपल्याकडे किती विरळा, हें वाचकांस सांगावयास नको. हें काम शिलाहारांच्या काळचें. उत्तर कोंकणचे शिलाहार विद्येचे भोक्ते होते. मंखकवीच्या श्रीकंठचरितांत काश्मीरच्या पंडितसभेचें वर्णन आहे, तींत कोंकणाधिपति अपरादित्याचा दूत तेजकंठ हजर आहे. ज्या राजवटीचा दूत काश्मिरांत कवींच्या पंक्तीस बसत होता, त्या राजवटीचीं देवळें इकडे पडलीं आणि त्यांचे देव तळ्याच्या कांठीं आले.

येथें एक कबुली देणें प्राप्त आहे. चाळीसएक वर्षांपूर्वीं, नोकरीच्या आरंभीं, या तालुक्यांतील एका तळ्याच्या कांठावरून नक्षीचा एक हातभर तुकडा आम्हीं घरीं आणिला. वेल व हंस इतकें सुरेख होतें, कीं उघड्यावर पडलें तर कोणी त्यावर कपडे धुईल अशी भीति वाटली. म्हणजे हेतु रक्षणाचाच होता. पुढें एका जाणत्या स्नेह्यानें तो पाहून, "हा द्वारशाखेचा खालचा भाग दिसतो, याचा जोडीदार कोठें होता? तोंड कोणीकडे होतें? शेजारीं विटा होत्या कीं दगड?" असे तीन प्रश्न विचारिले. तिन्हींस उत्तर नव्हतें. जागेवर परत गेलों तों तळ्यास नवा घाट बांधून झाला होता व जोडीदार, असल्यास, त्या घाटाच्या पोटांत गेला होता. तो तुकडा पुढें रीतसर सरकारी अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केला, परंतु तो आतां कोणत्या देवळाचा म्हणून सांगतां येत नाहीं. इ. स. १९७२ च्या पुरावस्तु-कायद्याचा धाक अनेकांस वाटतो. आम्हांस त्या तीन प्रश्नांचा अधिक वाटतो. जातां जातां हेंही नमूद करावें, कीं त्या कायद्याप्रमाणें ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय महत्त्वाची हस्तलिखित पोथी पंचाहत्तर वर्षांची झाली कीं तीही पुरावस्तूंतच मोडते.

विरारची जीवदानी व निर्मळ हीं भाविकांचीं ठिकाणें सर्वांस माहीत असल्यानें थोडक्यांत आटोपतों. जीवदानीचा डोंगर तेराशेंहून अधिक पायऱ्यांचा. देवीचें स्थान मूळच्या कोरीव लेण्यांत आहे, हें गर्दींत लक्षांत येत नाहीं. वरून खाडी, मिठागरें व किनारा एका दृष्टींत येतात, आणि सोपाऱ्यास बंदर कां झालें हें नकाशावांचून कळतें. आमच्या वयास पायऱ्या जड जातात, तरी पहांटे निघाल्यास साधतें. निर्मळास परशुराम व विमलासुराची कथा सांगतात. तेथें शंकराचार्यांची समाधि मानितात व कार्तिक वद्य एकादशीस यात्रा भरते.

वसईच्या किल्ल्यास एक संपूर्ण दिवस द्यावा. गुजराथच्या बहादूरशहानें डिसेंबर १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांस दिली, आणि मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं ती घेतली. म्हणजे दोनशें चार वर्षांचा हा संसार. १७८० मध्यें इंग्रजांनीं किल्ला जिंकला, सालबाईच्या तहानें परत दिला, आणि १८०२ च्या ३१ डिसेंबरास दुसऱ्या बाजीरावानें येथें जो तह केला त्याबद्दल न लिहिलेलें बरें. तटास दहा बुरूज आहेत. आंत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन व जेझुइट यांच्या ख्रिस्तमंदिरांचे भग्न सांगाडे उभे आहेत. नागासाकीस १५९७ मध्यें हुतात्मा झालेला व १८६२ मध्यें संतपदास चढविलेला गोन्सालो गार्सिया याच वसईचा. सेंट जोसेफच्या मुख्य मंदिरावर १६०१ च्या जीर्णोद्धाराचा लेख आहे.

आमच्या वाचकांचें लक्ष मान वर करून पाहण्याच्या कमानींपेक्षां पायांखालच्या फरशांकडे अधिक जावें. सेंट अँटनीच्या मंदिरांत थडग्यांच्या शिळा जमिनींत बसविलेल्या आहेत व त्यांवर पोर्तुगीज लेख आहेत. डॉ. जेर्सन द कुन्हा यांनीं १८७६ सालीं चौल व वसईवरील आपल्या इंग्रजी ग्रंथांत यांतील अनेक लेख छापिले. त्यांचें पुस्तक हातांत घेऊन एकेका शिळेपाशीं उभें राहावें व त्यांस वाचतां आलेलें कोणतें अक्षर आज वाचतां येत नाहीं त्याची नोंद करावी. दीडशें वर्षांच्या पावसानें व पावलांनीं काय नेलें, हें या एका दिवसांत समजतें.

वसईचा एक भाग वसईंत नाहींच. मोहिमेनंतर ख्रिस्तमंदिरांच्या घंटा मराठे सरदारांनीं देवळांतून टांगिल्या: नाशिकास नारोशंकराच्या देवळांत, भीमाशंकरास, मेणवलीस. नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हें ओतकामाचें साल आहे. घंटा हलली तरी आपलें साल घेऊन गेली; त्यामुळें तिचें मूळ सांगतां येतें. दगडास हें भाग्य नसतें. मोहिमेचे कागद शोधूं इच्छिणारांनीं पेशवे दप्तरांतून निवडलेल्या कागदांचा रियासतकार सरदेसायांनीं संपादिलेला सोळावा खंड आणि ब्रह्मेंद्रस्वामींचा पत्रव्यवहार बरोबर घ्यावा. मोर्चे व सुरुंग यांचीं वर्णनें तटाखालीं बसून वाचलीं म्हणजे अंतरें डोळ्यांनीं मोजतां येतात. राजवाड्यांनीं १९२४ सालीं छापिलेली महिकावतीची बखर उत्तर कोंकणच्या मागील काळासाठीं उपयोगी. तींतील सनांची मात्र पारख करून घ्यावी.

शेवटचें स्थळ अर्नाळ्याचें. किल्ला बेटावर आहे. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून होडीनें जावें लागतें, भरती-ओहोटीची चौकशी आधीं करावी. मराठ्यांनीं १७३७ मध्यें बेट घेतलें व पेशव्यांनीं किल्ला नव्यानें बांधविला. दरवाज्यावर देवनागरी शिलालेख आहे, तो पद्यांत. बाजीरावांच्या आज्ञेवरून शंकरानें पाश्चात्यांस मारून समुद्राच्या पोटांत जंजिरा बांधिला, असा त्याचा अर्थ. हा शंकर म्हणजे वसईप्रांतीचे शंकराजी केशव. छंद शार्दूलविक्रीडित आहे. शिलालेखासाठीं इतकें लांब वृत्त निवडणारा कवि संस्कृतज्ञ असावा. आंत अष्टकोनी विहीर आहे, खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याची. लेख खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर असल्यामुळें त्याचीं छायाचित्रें सकाळच्या तिरप्या उन्हांत घ्यावीं, खडूनें अक्षरें भरूं नयेत. शाईचा ठसा घ्यावयाचा तर परवानगी काढून व माहितगाराकडूनच घ्यावा.

सोपारें, गास, भुईगांव, नाळें, निर्मळ, आगाशी या गांवांतील घरांच्या जोत्यांत, विहिरींच्या थारोळ्यांत किंवा देवळांच्या पायऱ्यांत अक्षरें असलेला दगड कोणाच्या पाहण्यांत असेल, किंवा या गांवांच्या जमिनी, तळीं, देवस्थानें यांसंबंधीं मोडी, पोर्तुगीज वा फारसी कागद कोणाच्या संग्रहीं असतील, तर त्यांनीं दगड न हलवितां व कागद न विकतां, दगड कोठें व कोणत्या दिशेस तोंड करून आहे, कागद कोणत्या घरीं व कोणत्या दप्तरांत आहे, एवढें मंडळाकडे लिहून कळवावें.